चाकाला बांधलेली लाल चिंधी

तुमच्या घराच्या उंबऱ्यापासून कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत किती वार अंतर आहे, हे तुम्ही शपथेवर सांगू शकाल का?

वयाच्या तेविसाव्या वर्षापर्यंत मलाही सांगता आले नसते. आता येते. पांढुर्ण्यातल्या आमच्या दारापासून पिठाच्या गिरणीपर्यंत चौसष्ट वार आहेत. गिरणीपासून विहिरीपर्यंत एक्याऐंशी. विहिरीपासून मुलींच्या शाळेच्या फाटकापर्यंत पंच्याहत्तर. सगळे मिळून दोनशे वीस, म्हणजे बरोबर एक फर्लांग. या फर्लांगाने माझे एक वर्ष खाल्ले. ज्यांच्या घरात कोणी अंथरुणाला खिळून आहे, त्यांच्या उपयोगी पडेल म्हणून हे लिहिते आहे. फार दमून लिहिते आहे, तेव्हा कुठे तोल गेला तर सांभाळून घ्यावे.

*

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. बाबा शिक्षक होते आणि बेचाळीस साली त्यांच्या ट्रंकेत धोतरांच्या खाली सायक्लोस्टाइल केलेली पत्रके असत. अक्षरओळख मला त्यांवरच झाली. बाबा गेले, इंग्रज गेले, मी शाळेत शिकवू लागले आणि राज्यांची भाषेवरून नव्याने मांडणी होणार म्हटल्यावर मीही पत्रके लिहू लागले. सौंसर-पांढुर्ण्याचा माणूस मराठी बोलतो, त्याचा बाजार नागपूर, त्याचे सोयरे नागपूरकडे, मग त्याला दुसरीकडे का लोटता? हे माझे म्हणणे होते आणि आजही आहे. पण एक कबुली देते. त्या पत्रकांत मी ‘हजारो’, ‘लाखो’ असे आकडे बेधडक लिहीत असे. कोणी मोजले होते? मी तर नव्हते मोजले.

पाठ दुखू लागली तेव्हा मी दोष पत्रके वाटत फिरवलेल्या सायकलीला दिला. मग पायांना मुंग्या आल्या. मग एका सकाळी फळ्यावर लिहिता लिहिता गुडघे गेले आणि मी खडूसकट खाली बसले. मुली हसल्या. त्यांना वाटले, बाई गंमत करताहेत.

दादाने मला नागपूरला नेले. दादा माझा मोठा भाऊ, त्याचे कापडाचे दुकान आहे. मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी एक्स-रेचा फोटो उजेडात धरला आणि दादाशी इंग्रजीत बोलू लागले. इंग्रजी माझे दादापेक्षा चांगले आहे, हे त्यांना कोण सांगणार? मणक्याला क्षय. माझ्या पिशवीत पत्रकाची प्रुफे होती. मी म्हटले, “डॉक्टर, आठ दिवसांत सोडाल ना? छापायला द्यायचंय.”

ते माझ्याकडे वळले. “आठ महिने म्हणा, बाई. नशीब असेल तर.”



*

प्लॅस्टरच्या साच्यात उताणे झोपून काढलेल्या दिवसांबद्दल फार लिहीत नाही. सकाळी पाचला सिस्टर यायच्या, दोघी मिळून मला भाकरीसारखी उलटायच्या, पाठ पुसायच्या, पुन्हा उलटायच्या. सुई. पेज. डॉक्टरांची फेरी. सुई. छतावरच्या पोपड्यांत मी सगळा जिल्हा पाहिला होता. शेजारच्या खाटेवरच्या काटोलच्या काकूंनी जाताना मला त्यांचा हातातला आरसा दिला. तो धरला की खिडकीबाहेरचे कडुलिंबाचे झाड दिसे. कोणी मला इतकी मोठी वस्तू आजवर दिलेली नाही.

माझ्या खाटेवर पडूनच मला राज्याचा निकाल कळला. वर्तमानपत्र डोळ्यांवर धरून हात भरून येत, म्हणून मी वाचत नसे. झाडणारी बाई सांगत आली, “बाई, तुमी त आता परगावच्या झाल्या व! तुमचं पांढुर्णा तिकडं भोपाळच्या राज्यात गेलं म्हणतेत.”

“आणि नागपूर?”

“आमी मुंबई राज्यात. मी अजून मुंबई पाह्यली नाही, पण आमी मुंबईत.”

ती हसत हसत पलीकडे गेली.  माझा तालुका एका राज्यात, माझे डॉक्टर दुसऱ्या राज्यात, आणि माझे पाय कुठे आहेत हे मला पांघरूण उचलल्याशिवाय कळत नव्हते.

*

घरी आले ती खुर्चीत बसून. दादाने सायकल दुकानातल्या मिस्त्रीकडून हात असलेल्या एका खुर्चीला सायकलची दोन चाके आणि पुढे एक लहान चाक बसवून घेतले होते. महिन्याभराने तिगावच्या सुताराने पांगुळगाडा आणला. लहान मुले चालायला शिकतात तो तीन चाकांचा लाकडी गाडा, पण माझ्या छातीइतका उंच, कोपरे टेकायला आडव्या पट्ट्या असलेला.

“आजवर लेकरासाठीच केला,” तो म्हणाला, “आता बी तसाच केला. फक्त लेकरू मोठं झालं.”

आई आत निघून गेली. मला मात्र त्याचे बोलणे बरे वाटले. इतक्या दिवसांत माझ्याबद्दल कोणी विनोद केला नव्हता.

मी त्याला आधीच कळवले होते की, चाकाचा घेर बरोबर तीन फूट ठेव. तीन फुटांचा एक वार. एका फेरीला एक वार, म्हणजे हिशेब सोपा. चाकाच्या आऱ्याला लाल चिंधी बांधली. चिंधी वर आली की एक. खुर्चीच्या मोठ्या चाकालाही एक बांधली. वहीत दोन रकाने आखले, ‘गाडा’ आणि ‘खुर्ची’. पत्रकांतल्या लाखोंचे प्रायश्चित्त म्हणा, पण या वहीत खोटा आकडा लिहायचा नाही असे मी ठरवले होते.

मोजायचे काम मामांकडे आले. चालताना मला श्वासापलीकडे काही सुचत नसे. चिंधी कोण पाहणार? मामा आईचे थोरले भाऊ. सौंसरकडच्या बागांत त्यांचे आयुष्य संत्री मोजण्यात गेले. दोन्ही हातांनी पाच-पाच फळे उचलून ढीग लावायचे आणि तोंडाने आकडा म्हणायचा, यात त्यांचा हात धरणारा नव्हता. आता कंबर वाकली होती, पण मोजणी तशीच.

“लाभ,” पहिल्या फेरीला ते म्हणत, कारण मोजणीत पहिल्याला एक म्हणायचे नसते. मग, “दोन, तीन, चार...”

पहिल्या दिवशी मी सात वार गेले. वहीत ‘गाडा : ७’ लिहिले आणि झोपून रडले.

*

आमच्या मागच्या दारातून एक सरळ पायवाट कापसाच्या जिनिंगच्या भिंतीकडेने जाते. हंगाम नसला की तिथे चिटपाखरू नसते. आई मला पुढच्या रस्त्याने जाऊ देईना. “लोक पाह्यतीन,” एवढेच म्हणे. मागच्या वाटेने मी गाड्याने जाई, मामा चिंधी मोजत बाजूने चालत, थांबले तिथे ते भिंतीशी एक दगड ठेवत आणि दादा खुर्ची घेऊन येई. जाताना गाडा, येताना खुर्ची.

आईचे आणि माझे खटके रोजचे. ती माझे सगळे करी: अंघोळ, भांडे, कपडे. आणि करता करता बोले. “लोकायची तहसील हलवाले निघाली होती. आता तुहा पाय हलव म्हटलं त रडून राहिली.”  आता वाटते, तीही दमली होती. नऊ महिने दर पंधरवड्याला नागपूरला येऊन, इस्पितळाच्या व्हरांड्यात चटईवर झोपून परत जाणारी ती बाई कोणावर ओरडणार होती?

वहीतल्या रकान्यांबद्दल एक सांगितले पाहिजे. गाड्याचा आकडा वाढला की घरात शिरा होई. खुर्चीचा आकडा कोणी विचारीत नसे. तो जणू लाजेचा. पण खुर्चीतून मी शुक्रवारच्या बाजारात एकदा गेले, एकदा वाचनालयाच्या दारापर्यंत, एकदा स्टेशनच्या फाटकाशी गाडी पाहायला. गाड्याने मी फक्त एका भिंतीच्या कडेने गेले. जगाकडे मला कोणी नेले असेल तर खुर्चीने. हे मी दादाला म्हटले तेव्हा तो म्हणाला, “हे असं बोलू नको. मग तुले चालायची गरजच राहणार नाही.” मी वही ओढून खुर्चीच्या रकान्यात त्या दिवसाचा आकडा लिहिला. 

*

पावसाळा सरताना शाळेच्या मोठ्या बाईंची चिठ्ठी आली. माझी जागा त्यांनी वर्षभर कशीबशी राखली होती. आता शाळेच्या मंडळाने शर्त घातली. दसऱ्याच्या सुटीनंतर शाळा उघडेल त्या दिवशी मी घरापासून शाळेपर्यंत, मध्ये न बसता, कोणी न ढकलता, स्वतःच्या पायांनी यावे. गाडा चालेल, खुर्ची चालणार नाही. आणि एवढे अंतर मला जमते असे सुटी लागण्यापूर्वी सहीनिशी कळवावे. नाहीतर जागा दुसऱ्या बाईंना.

खुर्चीत बसून शिकवले तर मुलींना भूगोल कमी कळतो का? मी दोन पानी उत्तर लिहिले. मोठ्या बाईंनी ते परत पाठवले आणि वर पेन्सिलीने लिहिले, “कुसुम, हे पत्रक आहे. मला सही हवी आहे.”

त्यांचे खरे होते. शिकवणे गेले तर मागच्या खोलीत बसून राहणे, एवढेच माझ्यापुढे उरत होते. दादाने भल्या सकाळी लोकांच्या नजरा चुकवून दुकानातल्या कापड मोजायच्या वारभर लोखंडी गजाने शाळेच्या फाटकापर्यंतचा रस्ता मोजला आणि दोनशे वीस वार आणले. माझी मजल तेव्हा एकशे चाळीस होती.

पुढचे दिवस मला नीट आठवत नाहीत. वहीत आहेत. १४६. १५१. १४९. ताप, काही नाही. १५८. १७०. १७०. १७०. तीन दिवस त्याच आकड्यावर मी मामांवर ओरडले, जणू ते आकडा रोखून धरत होते. शंभर झाले की मामा नेहमी थोडे गप्प होत, मग पुन्हा “लाभ, दोन” सुरू करीत. मला वाटे, दम घेत असतील. वय झाले.

*

सहीचा शेवटचा दिवस उद्यावर आला. त्या संध्याकाळी मी निघाले तेव्हा आईसुद्धा मागच्या दारात उभी राहिली. पहिले शतक गेले. दुसरे गेले. मामा चिंधीकडे वाकून मोजत होते. “आठ... नऊ... दहा...” चिंधी वर आली, “अकरा,” आणि माझे कोपर पट्टीवरून घसरले. दादाने धरले नसते तर दात पडले असते.

दोनशे अकरा. नऊ वार कमी.

घरी आल्यावर दादाने पाटावर कागद ठेवला. “कर सही.”

“दोनशे वीस झाले नाहीत.”

“नऊ वार! नऊ वार म्हणजे किती व? एक लुगडं! एका लुगड्यापायी नोकरी सोडून राहिली?”

“तू गिऱ्हाइकाला आठ वारांचं लुगडं नऊ म्हणून देतोस का?”

“ही आली पाह्य सत्याची पुतळी!” तो आईकडे वळला. “माय, तूच सांग इले.”

आई चुलीपाशी बसली होती. मला वाटले, आता तहसिलीवरून काहीतरी येणार. ती म्हणाली, “इनं नाही म्हटलं त नाही. इच्या बापानं बी एक माफीची सही केली नव्हती, तवा सहा महिने आत गेला. मी काय करू?” आणि फुंकणीने जाळ फुंकू लागली.

मी कागदावर लिहिले, ‘आजवर जास्तीत जास्त दोनशे अकरा वार.’ खाली सही केली. रडले नाही; तेवढेही त्राण नव्हते.

सकाळी दादा दिसेना. उन्हे वर आली तेव्हा तो मागच्या दाराने घामाघूम होऊन आत शिरला, हातात गज.

“दोनशे एकवीस,” तो म्हणाला.

“काय?”

“मामानं काल ठेवलेल्या दगडापर्यंत. दोनदा मोजलं. दोनशे एकवीस.”

“तुझा गज खोटा आहे.”

“माहा गज खोटा? शिक्का आहे त्याच्यावर, सरकारी!”

“कोणत्या सरकारचा? जुन्या का नव्या?”

“तोंड पाह्य इचं! अंगात पाणी नाही, पण जीभ...”

मामा ओट्यावर तंबाखू मळत होते. मान वर न करता म्हणाले, “कायले भांडून राहिले? बरोबर त आहे. शंभरावर पाच धरले की होते ना तेवढंच.”

“कोणते पाच?” मी विचारले.

त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, जणू मास्तरीण बाईला एवढे कसे ठाऊक नाही. “शंभर मोजले की वर पाच टाकाच लागते, पोरी. ते गणतीत नाही धरत. रस्त्यात पाच नासतेच.”

बागेची मोजणी. शंभर संत्र्यांवर पाच फळे मुकाट्याने ढिगात टाकायची, माल पोचेपर्यंत नासतील म्हणून. चाळीस वर्षे हाताला तीच सवय. माझ्या प्रत्येक शंभर फेऱ्यांनंतर ते गप्प होत, त्या गप्पपणात चिंधी पाचदा वर येई, आणि मग ‘लाभ’. दोन शतकांचे दहा वार मी चालले होते आणि कोणाच्याच लेखी नव्हते.

मी वही मागून घेतली आणि शंभराच्या वर गेलेला प्रत्येक दिवस दुरुस्त करत बसले. ज्या दिवशी शंभर ओलांडले म्हणून शिरा झाला, त्या दिवशीही मी पाच वार जास्त गेले होते. ज्या एकशे सत्तरवर मी तीन दिवस मामांवर ओरडले, ते एकशे पंचाहत्तर होते. मामा घाबरून म्हणाले, “माह्याकडून चुकलं काय व, बाई?” मी त्यांचे हात धरले. तंबाखूचा वास माझ्या हातांना दिवसभर होता. दुपारी दादाने दुसरा कागद आणला. त्यावर मी सही केली.

*

शाळा उघडली त्या दिवशी मी पुढच्या रस्त्याने निघाले. आई पुढे चालत होती, डोक्यावर पदर, कोणाकडे न पाहता. गिरणीवर माणसे उठून उभी राहिली. विहिरीवर एका बाईने बादली तशीच लोंबकळत ठेवली. मी कोणाला ओळख दिली नाही. मला फक्त मामांचा आवाज ऐकू येत होता, आणि या खेपेला ते पाच वगळू नयेत म्हणून बोटे दुमडत होते. फाटक आले. मी आत गेले. आणि गाडा थांबला.

शाळेला चार पायऱ्या आहेत. काळ्या दगडाच्या, उंच. मी दोन वर्षे त्या पायऱ्या दिवसातून चारदा चढले होते, हातात वह्यांचा गठ्ठा घेऊन, आणि त्या आहेत हे मला माहीत नव्हते. दादाने अंतर मोजले, मामांनी फेऱ्या मोजल्या, मंडळाने शर्त लिहिली. चढ कोणाच्या ध्यानात आला नाही. तीन चाकांचा गाडा पायरी चढत नाही.

व्हरांड्यात मंडळाचे एक सभासद घड्याळ घेऊन उभे होते. मागे मुली होत्या. दादा मला उचलायला पुढे झाला. मी नको म्हटले. पहिल्या पायरीवर पाठमोरी बसले. हातांनी एक पाय वर घेतला, मग दुसरा. हातांवर भार देऊन स्वतःला वरच्या पायरीवर ओढले. पुन्हा पाय. लुगड्याचा काठ दगडावर घासून फाटला. वर पोचेपर्यंत घंटा होऊन गेली होती. या वेळी कोणी मुलगी हसली नाही. हसल्या असत्या तर बरे झाले असते.

“तुम्ही बसून आलात,” सभासद म्हणाले.

“शर्त फर्लांगाची होती. तो मी उभ्याने आले. पायऱ्या तुम्ही लिहिल्या नव्हत्या.”

मोठ्या बाई म्हणाल्या, “हजेरीपटावर सही करा, कुसुमताई. पाचवीचा भूगोल आहे तुम्हाला.”

*

मी शिकवते आहे. रोज सकाळी चार पायऱ्या बसून चढते आणि दुपारी बसून उतरते. तळहातांना घट्टे पडले आहेत. पाठ धरली की महिन्यातून दोन-तीन दिवस घरी राहावे लागते, कारण खुर्ची फाटकाच्या पुढे येऊ शकत नाही. मंडळाकडे अर्ज दिला आहे. नव्या राज्यात तो कोणत्या कार्यालयाने वाचायचा, याचा पत्रव्यवहार चालू आहे म्हणतात.

मी बरी झाले असे लोक म्हणतात आणि माझ्यासाठी देवाला नारळ फोडल्याचे कळवतात. त्यांचे उपकार आहेत. पण हे वाचणाऱ्याला मी एक काम सांगते. या आठवड्यात आपल्या गावच्या शाळेसमोर, दवाखान्यासमोर, टपाल कचेरीसमोर जाऊन उभे राहा. दारापाशी पायऱ्या असतील. त्यांच्या एका बाजूला उतार घालून घ्या. कडेला चार दगड, मध्ये मुरूम, वरून धुमसाने ठोकून काढले की झाले. गवंड्याचे एका दिवसाचे काम आहे. परवानगी लागेल म्हणून कोणी अडवले, तर आधी मुरूम टाका आणि मग परवानगी मागा. इथे पांगळे आहे कोण, असे कोणी विचारले, तर वाद घालू नका. ते माणूस कुठल्या तरी मागच्या खोलीत आहे. उतार झाला की त्याच्या घरी जाऊन तेवढे सांगून या.